बुडणें आणि बुडी मारणें

मराठी भाषेंत ‘बुडणें’ आणि ‘बुडी मारणें’ असे दोन शब्दप्रयोग आहेत. दोहोंतहि पाणी तेंच आणि खालीं जाणेंहि तेंच. तथापि डोहांत पोहणारा मुलगा बुडाला असें कोणी सांगितलें तर सारा गांव धांवत सुटतो; आणि त्यानें बुडी मारली असें सांगितलें तर कोणी मान वर करूनहि पाहत नाहीं. हा फरक कशानें पडतो? बुडी मारणारा परत येण्याची शक्ति स्वतःजवळ राखून खालीं जातो. बुडणारा ती गमावून जातो. पाणबुडी नांवाच्या जहाजाचें सारें शास्त्र या एका भेदांत सांठविलेलें आहे. युरोप-अमेरिकेंतील कांहीं हौशी कारागीर अशा पाणबुडीची दोन-दोन मीटर लांबीची प्रतिकृति घरीं तयार करतात, आणि तळ्याच्या कांठीं उभें राहून बिनतारी संदेशांनीं तिला चालवितात, बुडवितात व पुन्हा वर आणतात. त्यांना हा भेद पुस्तकांतून नव्हे, तर प्रत्येक रविवारीं पाण्यांत पारखून घ्यावा लागतो. त्यांचें हें काम कसें चालतें, आणि त्यांत अवघड तें काय, याचा विचार आज करावयाचा आहे.

बिनतारी लहरींनीं नाव चालविण्याची कल्पना कांहीं आजकालची नव्हे. सन १८९८ मध्यें न्यूयॉर्क शहरीं मॅडिसन स्क्वेअर गार्डन या ठिकाणीं विजेच्या यंत्रांचें एक मोठें प्रदर्शन भरलें होतें. तेथें निकोला टेस्ला या संशोधकानें पाण्याच्या एका हौदांत लोखंडी बांध्याची लहानशी नाव सोडली. नावेला दोरी नव्हती, तार नव्हती, आणि आंत माणूस बसण्याइतकी जागाहि नव्हती. टेस्ला दूर उभा राहून आपल्या यंत्राची कळ फिरवी, आणि इकडे नाव वळे, थांबे, तिच्यावरील दिवे लुकलुकत. प्रेक्षकांनीं प्रश्न विचारावा व नावेनें दिव्यांच्या खुणेनें उत्तर द्यावें, असा गमतीचा खेळहि त्यानें केला. चौसष्टाचें घनमूळ किती, असें कोणी विचारलें तेव्हां दिवे चार वेळां लुकलुकले, असें सांगतात. त्या काळीं बिनतारी तारायंत्रच नुकतें जन्मास आलें होतें. तेव्हां कित्येकांस ही जादू वाटली यांत नवल नाहीं. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबर रोजीं टेस्लास या युक्तीबद्दल अमेरिकन सरकारचें ६१३८०९ क्रमांकाचें पेटंट मिळालें.

परंतु टेस्लाची ती नाव पाण्यावर तरंगणारी होती. ती सदैव डोळ्यांसमोर असे, आणि यंत्र बिघडलेंच तर हात लांबवून तिला कांठाशीं ओढून घेतां येई. हीच नाव पाण्याखालीं न्यावयाची ठरविली म्हणजे डोळ्यांचा आधार जातो, हाताचा आधार जातो, आणि पुढें दिसून येईल त्याप्रमाणें बिनतारी लहरींचा आधारहि डळमळूं लागतो.

कारागिराचें पहिलें काम नमुना निवडण्याचें. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर कील शहराजवळ लाबो नांवाचें गांव आहे. तेथें समुद्राच्या वाळूवर ‘यू-९९५’ ही पाणबुडी सन १९७२ पासून लोकांस पाहण्यासाठीं ठेवलेली आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीनें ‘सातव्या वर्गा’च्या सातशेंहून अधिक पाणबुड्या बांधल्या, त्यांपैकीं शाबूत उरलेली ही एकच. त्या युद्धांत जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारें चाळीस हजार माणसांपैकीं तीस हजारांच्या आसपास माणसें परत आलीं नाहींत, आणि त्यांनीं बुडविलेल्या जहाजांवरहि हजारों जीव गेले. ही पाणबुडी पाहतांना तो हिशेब दृष्टीआड करतां येत नाहीं. तथापि प्रतिकृति करणाऱ्यास तिचा मोठा उपयोग असा कीं, चित्रावर विसंबून न राहतां खुद्द वस्तूच डोळ्यांनीं न्याहाळतां येते. तिची लांबी ६७ मीटरांहून किंचित् अधिक, रुंदी ६.२ मीटर, वजन पाण्यावर असतां ७६९ टन आणि पाण्याखालीं ८७१ टन.

आतां ही पाणबुडी बत्तिसाव्या हिश्शानें लहान करावयाची असें समजूं. लांबी सुमारें २ मीटर १० सेंटिमीटर होईल आणि रुंदी १९ सेंटिमीटर. वजनाचा हिशेब मात्र असा सरळ नाहीं. लांबी, रुंदी व उंची ही तीनहि मापें बत्तीस पटींनीं घटत असल्यामुळें वजनास बत्तिसाच्या घनानें, म्हणजे ३२,७६८ या संख्येनें, भागावें लागतें. पाण्यावरचें वजन मग सुमारें साडेतेवीस किलो येतें, आणि पाण्याखालचें साडेसव्वीस किलो. सातशें-आठशें टनांच्या जहाजाचा तरंगण्या-बुडण्यांतील सारा फरक येथें अवघ्या तीन किलोंवर, म्हणजे तीन लिटर पाण्यावर, येऊन ठेपतो.

वेगाचा नियम आणखी वेगळा आहे. विल्यम फ्रूड या इंग्रज स्थापत्यज्ञानें गेल्याच्या गेल्या शतकांत जहाजांच्या लहान प्रतिकृति पाण्यांतून ओढून पाहिल्या. या कामासाठीं टॉर्की गांवीं त्यानें बांधलेला लांब हौद सन १८७२ मध्यें सुरू झाला. त्याला असें आढळलें कीं, प्रतिकृतीनें मूळ जहाजासारख्याच लाटा उठवाव्या अशी इच्छा असेल तर वेग लांबीच्या प्रमाणांत नव्हे, तर तिच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत कमी केला पाहिजे. यू-९९५ च्या वर्गाची पाणबुडी पृष्ठभागावर ताशीं सुमारें ३३ किलोमीटर धांवे. बत्तिसाचें वर्गमूळ ५.६६; म्हणून प्रतिकृतीस ताशीं पावणेसहा किलोमीटर, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाचा वेग, शोभतो. त्याहून अधिक वेगानें ती पळविली तर मोठें जहाज न दिसतां खेळणें दिसतें.

प्रतिकृति एवढी मोठी करण्याचें कारण हौस एवढेंच नाहीं. लांबी अर्धी केली कीं वजन एक-अष्टमांश होतें. मग दहा ग्रॅमांची जी चूक मोठ्या प्रतिकृतीस सहज पचते, तीच लहान प्रतिकृतीस तळाशीं नेते. उलट मोठीला उचलण्यास दोन माणसें लागतात, आणि तिची तोल-परीक्षा चालली असेपर्यंत घरांतील मंडळींस न्हाणीघर मिळत नाहीं, हा भाग वेगळा!

अशा प्रतिकृतींस केवळ खेळणीं म्हणून हिणवूं नये, याचें प्रमाण खुद्द अमेरिकन नौदलानें दिलें आहे. अमेरिकेच्या आयडाहो संस्थानांत पाँड ओरे नांवाचें सुमारें ३५० मीटर खोल व अतिशय शांत सरोवर आहे. मोठ्या पाणबुडीचा पंखा पाण्यांत किती आवाज करील हें नुसत्या गणितानें नीट सांगतां येईना, म्हणून तेथें माणसावांचून चालणाऱ्या दोन मोठ्या प्रतिकृति आणण्यांत आल्या. पहिली ‘कोकनी’ ही मूळ पाणबुडीच्या चौथ्या हिश्शाची. दुसरी ‘कटथ्रोट’, सन २००० मध्यें तिचा नामकरण-समारंभ झाला. ती ३४ मीटर लांब व २०५ टन वजनाची आहे. दोन्हींना माशांचीं नांवें दिलीं आहेत, आणि दोन्हीं विद्युद्घटांवर, आधीं आंखून दिलेल्या मार्गानें चालाव्या अशाच बांधल्या गेल्या. हौशी कारागिराचें काम त्याच जातीचें आहे; फरक खर्चाचा आणि आकाराचा.

आतां बांधणीकडे वळूं. प्रथम लांकडाचा भरीव साचा घासून-पुसून तयार करतात, आणि त्यावरून कांचतंतु व राळ यांचें पोकळ कवच काढतात. हें कवच पाण्यास अभेद्य असावें असें नवख्या माणसास वाटतें. प्रत्यक्षांत अनुभवी कारागीर त्याला मुद्दाम भोंकें पाडतो. कवच पाण्यानें भरूं द्यावयाचें, आणि त्याच्या पोटांत पारदर्शक, कठीण प्लास्टिकचें एक नळकांडें बसवावयाचें. तेवढें नळकांडें मात्र पूर्ण बंद. विद्युद्घट, विजेची मोटर, बिनतारी संदेश घेणारें ग्राहक-यंत्र, सुकाणूं हलविणारीं लहान यंत्रें, हें सर्व त्यांत. मूळ पाणबुडीची रचनाहि तत्त्वतः अशीच असते: आंत माणसांना सांभाळणारें दाब-कवच, आणि त्याभोंवतीं पाणी खेळूं देणारा बाहेरचा सांगाडा.

या युक्तीचा एक मोठा फायदा आहे. पाणबुडी पाण्यावर असतां तिचा मनोरा, वरचा तक्ता, कठडे इत्यादि जो भाग पाण्याबाहेर दिसतो, तो पाण्याखालीं न्यावयाचा म्हणजे त्या भागाच्या केवळ घन पदार्थाच्या आकारमानाइतकें पाणी टांकींत घेतलें कीं पुरतें. कारण पोकळ जागेंत पाणी आपोआपच शिरतें. म्हणून शहाणा कारागीर मनोरा व कठडे पातळ पत्र्याचे करतो. पत्रा जितका पातळ, तितकी टांकी लहान; आणि तीन लिटरांचें काम पुष्कळ कमी पाण्यांत भागतें.

नळकांड्याच्या दोन्ही टोंकांस झांकणें असतात, आणि एका झांकणांतून पंख्याचा दांडा व सुकाणूंच्या काड्या बाहेर येतात. पाणी शिरतें तें येथून. पाण्यांत दर दहा मीटर खोलीस हवेच्या एका दाबाची भर पडते. दोन मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २०० ग्रॅम. हें ऐकावयास थोडें वाटतें. परंतु दहा सेंटिमीटर व्यासाच्या झांकणाचें क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर असतें. म्हणजे त्या झांकणास पावणेसोळा किलोंचा रेटा बसतो. तो रेटा एका रबरी कड्यावर पेलावयाचा असतो. त्या कड्यावर एखादा केंस किंवा वाळूचा एक कण बसला तरी पुरे. म्हणून झांकण लावण्यापूर्वीं कडें पुसून, बोटानें चांचपून, ग्रीसचा अगदीं पातळ हात देऊन बसवावें, हा या छंदाचा पहिला नियम आहे.

याप्रमाणें नाव तयार झाली. आतां ती खालीं न्यावयाची. विहिरींत घागर सोडली म्हणजे ती प्रथम तरंगते, कलते, तोंडानें पाणी घेते आणि बुडबुड करीत खालीं जाते. घागर बुडविण्यास कौशल्य लागत नाहीं. ती वर येते ती दोरीनें. पाणबुडीला ती दोरी नाहीं. शिवाय पुष्कळांची अशी समजूत असते कीं, पाण्याहून किंचित् जड झालेली वस्तु कांहीं खोलीवर जाऊन आपोआप अधांतरीं थांबेल, कारण खालचें पाणी दाट असतें. ही समजूत खरी नव्हे. दाबामुळें पाणी जवळजवळ दाटतच नाहीं. जी वस्तु पाण्याहून एका ग्रॅमानें जड झाली ती तळ गांठते. जी एका ग्रॅमानें हलकी राहिली ती वर येते. मधली अवस्था म्हणजे सुईच्या टोंकावर मोहरी तोलून धरण्यासारखी आहे.

इतकेंच नव्हे, तर खालीं जाणारी वस्तु आणखी खालीं जाण्यासच प्रवृत्त होते. शाळेंत विज्ञानाच्या तासाला पाण्यानें भरलेल्या बाटलींत हवा राखलेली उलटी कुपी सोडून दाखवितात. बाटली दाबली कीं कुपींतील हवा आकसते, आंत थोडें पाणी शिरतें, आणि कुपी खालीं जाते. हात सैल सोडला कीं ती वर येते. पाणबुडीच्या बाबतींत हा हात म्हणजे खोलीचा दाब. ती जों जों खालीं जाते तों तों तिच्या अंगांतील जें जें दबणारें आहे तें दबतें, तिचें आकारमान घटतें, आणि ती अधिकच जड होते. तेथें हात सैल सोडणारा कोणी नसतो.

हें साधण्यासाठीं कारागिरांनीं चार मार्ग काढले आहेत. पहिला पिचकारीचा. होळीच्या पिचकारीसारखें एक नळकांडें असतें. मोटर व मळसूत्र यांच्या योगानें त्याचा दट्ट्या मागें ओढला कीं पाणी आंत येतें, पुढें ढकलला कीं बाहेर जातें. यांत पाणी ग्रॅमा-ग्रॅमानें घेतां येतें, हा मोठा गुण. दुसरा मार्ग रबरी पिशवीचा: लहान पंपानें तींत पाणी भरावयाचें व काढावयाचें. तिसरा मार्ग खऱ्या पाणबुडीचा: टांकींत पाणी येऊं द्यावयाचें आणि दाबून भरलेल्या वायूनें तें बाहेर उडवावयाचें. चौथ्या मार्गांत टांकीच नसते. नाव कायम पाण्याहून थोडी हलकी ठेवतात. वेगानें पुढें जात असतां आडवीं सुकाणूं तिरपीं केलीं म्हणजे ती पाण्याखालीं दाबली जाते, आणि वेग थांबला कीं आपोआप वर येते. दिसावयास हा मार्ग साधा, परंतु नवशिक्यास अनुभवी लोक हाच सांगतात. यांत सर्व यंत्रें एकदम बंद पडलीं तरी नाव परत येते.

खालीं जाण्याबरोबरच तोल सांभाळावा लागतो. पाण्यावर तरंगणाऱ्या होडीला तिच्या रुंदीचा आधार असतो. संपूर्ण बुडालेल्या नावेला तो नसतो. तिचा गुरुत्वमध्य हा पाण्याच्या उचल-बलाच्या मध्याखालीं असलाच पाहिजे, नाहीं तर ती पोट वर करून उलटते. म्हणून शिशाच्या पट्ट्या अगदीं तळाशीं, आणि ‘फोम’ म्हणून विकला जाणारा, पाणी न शोषणारा हलका पदार्थ वर, अशी वांटणी करतात. न्हाणीघरांतील टबांत किंवा अंगणांतील हौदांत नाव ठेवून पुढें थोडें शिसें, मागें थोडा फोम, असें करीत करीत संध्याकाळच्या संध्याकाळ घालवावी लागते. टांकी अर्धवट भरलेली असेल तर आंतलें पाणी जिकडे उतार तिकडे धांवतें. नाकाड किंचित् खालीं झालें कीं सारें पाणी पुढें जातें आणि नाकाड अधिकच खालीं जातें. म्हणून टांकी नावेच्या मध्यभागीं ठेवावयाची, किंवा दट्ट्यानें पाण्याला हलण्यास जागाच ठेवावयाची नाहीं. शिवाय आडव्या सुकाणूंना एक लहान समतोल-यंत्र जोडतात. नाव कलली कीं तें माणसाच्या आधींच सुकाणूं उलट दिशेनें वळवितें.

इतकें करूनहि तोल कायमचा साधला असें म्हणतां येत नाहीं. पाण्याचें तपमान १० अंशांवरून ३० अंशांवर गेलें कीं दर लिटराचें वजन सुमारें चार ग्रॅमांनीं घटतें. समुद्राचें पाणी तर गोड्या पाण्याहून लिटरामागें पंचवीस ग्रॅमांनीं जड असतें. हिवाळ्यांत नेमकी तोललेली नाव उन्हाळ्यांत त्याच तळ्यांत जड ठरते. म्हणून तळ्यावर गेल्यावर प्रत्येक वेळीं तोल नव्यानें पाहणें, हा दुसरा नियम.

आतां बिनतारी लहरींचा प्रश्न. हवेंतून मैलोगणती जाणाऱ्या या लहरी पाण्यांत शिरल्या कीं थकतात, आणि त्यांची कंपनसंख्या जितकी मोठी तितक्या लवकर थकतात. दर सेकंदास सुमारें चार कोटि कंपनांच्या लहरी गोड्या पाण्यांत कांहीं मीटर खोलीपर्यंत पोंचतात. परंतु हल्लीं बाजारांत मिळणारीं बहुतेक नवीं यंत्रें दर सेकंदास २४० कोटि कंपनांचीं असतात. विमानाच्या प्रतिकृतीस तीं उत्तम, पण पाण्यांत कांहीं सेंटिमीटरांतच त्यांचा संदेश विरतो. म्हणून पाणबुडीवाले कारागीर जुन्या पद्धतीचीं यंत्रें जपून ठेवतात. खारें पाणी विजेचें वाहक असल्यामुळें समुद्रांत तर या जुन्या लहरीहि चार बोटांच्या खोलीवर क्षीण होतात. खऱ्या पाणबुड्यांसहि हीच अडचण. म्हणून नौदलें अतिशय मंद कंपनांच्या लहरींचीं प्रचंड केंद्रें उभारतात. भारतीय नौदलाचें असें एक केंद्र तमिळनाडूंत तिरुनेलवेलीच्या बाजूस आहे. तळ्याच्या कांठीं उभ्या असलेल्या कारागिराजवळ तसें साधन नाहीं. नाव थोडी अधिक खोल गेली, कीं तिचा मालक कळ फिरवीतच राहतो, आणि नावेला तें कळतच नाहीं.

येथें या सर्व विद्येचा कस लागतो. संदेश तुटल्यावर नावेनें काय करावें, हें संदेश चालू असतांनाच ठरवून ठेवावें लागतें. ग्राहक-यंत्रापुढें एक पहारेकरी-मंडल बसवितात. दोन-तीन सेकंद संदेश आला नाहीं, तर तें टांकींतील पाणी बाहेर काढण्याचा हुकूम आपण होऊन देतें. विद्युद्घट क्षीण होऊं लागला तरी हाच हुकूम. नळकांड्याच्या तळाशीं दोन उघड्या तारांचीं टोंकें ठेवलेलीं असतात. पाण्याचा थेंब येऊन तीं जोडलीं गेलीं तरी हाच हुकूम. कारणें निरनिराळीं, आज्ञा एकच: वर ये. अनुभवी कारागीर याहून पुढें जाऊन विचारतो कीं, हुकूम देणारें मंडलच बंद पडलें तर? आणि मग नावेच्या पाठीवर दोरी गुंडाळलेला एक बोया ठेवतो, म्हणजे निदान ती कोठें पडली आहे हें तरी कळावें.

ही काळजी फाजील वाटत असेल तर खऱ्या पाणबुड्यांचा इतिहास पाहावा. १ जून १९३९ रोजीं इंग्लंडची ‘थीटिस’ ही नवी पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरांत पहिल्या बुडीच्या परीक्षेस गेली. तिच्यावर १०३ माणसें होतीं. ती खालीं जाईना. पुढच्या बाजूस हलकी वाटूं लागली. तेव्हां टॉर्पेडोच्या नळ्यांत ठरल्याप्रमाणें पाणी भरलें आहे कीं नाहीं, हें तपासण्याचें ठरलें. प्रत्येक नळीच्या आंतल्या दारास एक लहान तोटी असे; ती उघडली असतां पाणी आलें नाहीं, तर नळी कोरडी, असें समजावयाचें. पांचव्या नळीच्या तोटीचें भोंक रंगकामाच्या वेळीं रंगानें बुजलें होतें. पाणी आलें नाहीं, दार उघडलें, आणि नळीचें बाहेरचें तोंड समुद्राकडे उघडेंच होतें. ९९ माणसें गेलीं, चार वांचलीं. तोल अजमावण्याची खटपट ही त्या संकटाची सुरुवात होती, आणि एक थेंबभर रंग हें त्याचें कारण.

दुसरें उदाहरण अमेरिकेच्या ‘थ्रेशर’चें. १० एप्रिल १९६३ रोजीं अटलांटिक महासागरांत खोल बुडीच्या परीक्षेंत ती १२९ माणसांसह नाहींशी झाली. वर येण्यासाठीं टांक्यांत दाबून भरलेली हवा सोडण्याचा प्रयत्न झाला, पण तो तोकडा पडला. मागाहून त्याच जातीच्या दुसऱ्या पाणबुडीवर धक्क्याशीं प्रयोग करून पाहिला, तेव्हां असें दिसलें कीं, दाबाखालची हवा वेगानें सुटतांना इतकी थंड होते कीं तिच्यांतील ओलावा गोठून नळींतील जाळ्या बर्फानें बंद होतात. म्हणजे परत येण्याची दोरी होती, परंतु ती खोल पाण्यांत ओढून पाहिलेली नव्हती. त्यानंतर अमेरिकन नौदलानें पाणबुडीच्या सुरक्षिततेसाठीं स्वतंत्र व कडक तपासणीची पद्धति सुरू केली. वायूनें टांकी रिकामी करणाऱ्या हौशी कारागिरासहि, लहान प्रमाणांत कां होईना, याच गारठ्याशीं गांठ पडते. म्हणून तो केवळ ‘वायु भरलेला आहे’ एवढ्यावर समाधान मानीत नाहीं. उथळ पाण्यांत, नाव हाताच्या अंतरावर असतांना, संदेश मुद्दाम तोडून ती खरोखर वर येते कीं नाहीं हें पाहतो. एकदां नव्हे, तर प्रत्येक वेळीं तळ्यावर पोंचल्यावर. हा तिसरा नियम, आणि सर्वांत महत्त्वाचा.

मग तो दिवस येतो. दोन वर्षांच्या संध्याकाळी ज्या कामांत गेल्या तें काम दोघे जण उचलून पाण्यांत ठेवतात. कवचाच्या भोंकांतून पाणी आंत शिरतें, हवेचे बुडबुडे वर येतात, आणि नाव आपल्या ठरलेल्या रेषेवर स्थिर होते. पंखा फिरतो. पन्नास पावलांवर गेल्यावर कळ वळते; तक्त्यावरून पाणी सरकतें, मनोरा आंखूड होत होत नाहींसा होतो, आणि शेवटीं दुर्बिणीच्या नळीमागची बारीक रेघहि मिटते. तळें पूर्वीसारखें सपाट होतें. कांठावर कोणी बोलत नाहीं. सोबत्याच्या हातांत घड्याळ असतें. कारागीर वर येण्याची कळ वळवितो. कांहीं दिसत नाहीं. नाव ठरल्यापेक्षां खोल गेली असावी. संदेश पोंचत नसावा. आतां त्याच्या हातांत करण्यासारखें कांहींच उरलेलें नसतें. जें करावयाचें तें त्यानें घरीं, दिव्याखालीं, झांकणाचें कडें पुसतांना आणि तारांचीं टोंकें जोडतांना केलें असेल तर केलें असेल.

एक, दोन, तीन, चार, पांच सेकंद. मग थोड्या अंतरावर पाणी खवळतें, आणि मनोरा आधीं, मग सारी पाठ, पाणी निथळीत वर येते. कांठावर सर्वांचा श्वास मोकळा होतो. कारागीर हंसतो, पण लगेच दुसरी बुडी घेत नाहीं. नाव कांठाशीं आणून तो नळकांडें उघडतो, कोरडा कागद आंत फिरवितो, आणि तो ओला झाला कीं नाहीं तें पाहतो.

श्रोतेहो, संकटाच्या वेळीं सुचणारी युक्ति ही मोठी गोष्ट खरी. परंतु पाण्याखालीं गेलेल्या नावेला ती कोणी सांगूं शकत नाहीं. तिच्याजवळ असतें तें एवढेंच, जें कांठावर असतांना कोणी तरी विचारपूर्वक तिच्या पोटांत ठेवून दिलेलें असतें. तें ठेवलेलें असलें तर ती बुडी. नसलें तर तें बुडणें.